एका मालकाची नसलेली पेठ

ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हुंडीचा व्यवहार केला, त्यांना विकेंद्रित समाजमाध्यमाची कल्पना समजण्यास कठीण जाऊ नये. एका गावच्या पेढीने लिहून दिलेली दर्शनी हुंडी दूरच्या गावी, दुसऱ्याच पेढीवर, दाखविताच वटत असे. दोन्ही पेढ्यांचा धनी एक असण्याची गरज नसे. हुंडी लिहिण्याची रीत सर्वत्र सारखी होती आणि ती पाळण्यावर पेढीची पत अवलंबून होती, एवढ्यावर व्यवहार चाले.

‘मॅस्टोडॉन’ नावाचे समाजमाध्यम याच तत्त्वावर उभे आहे. जर्मनीतील युजेन रोच्को या तरुणाने ते २०१६ मध्ये सुरू केले. फेसबुक किंवा ट्विटर यांच्याप्रमाणे ते एका कंपनीच्या ताब्यात नाही. निरनिराळ्या व्यक्ती व संस्था आपापले सर्व्हर चालवितात, आणि एका सर्व्हरवरील खातेदार दुसऱ्या सर्व्हरवरील खातेदाराशी सहज बोलू शकतो. त्यासाठी लागणाऱ्या ‘ॲक्टिव्हिटीपब’ या सामाईक नियमावलीला वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. बँक कोणतीही असली तरी यूपीआयने पैसे पोहोचतात, तसाच हा प्रकार.

भारतात या माध्यमाचे नाव प्रथम गाजले ते २०१९ च्या नोव्हेंबरात. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने निलंबित केले. नाझी राजवटीतील जमावात एकटा हात न उचलता उभा राहिलेला जर्मन कामगार ज्यात दिसतो, ते प्रसिद्ध छायाचित्र त्यांनी लावले होते. या निलंबनाचा निषेध म्हणून अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले, तेव्हा जगभरातून तिकडे दुसरी मोठी रीघ लागली.

समजा, मानपाड्यातील एखाद्या कापड व्यापाऱ्याने आज तेथे खाते उघडले, तर त्याचे पहिले काही दिवस कसे जातील? प्रथम सर्व्हर निवडावा लागतो, आणि तेथेच बहुतेक जण अडखळतात. खाते उघडल्यावर समोरचे पान जवळजवळ रिकामे दिसते, कारण आपणास काय आवडेल हे ठरवून पुढ्यात वाढणारी यंत्रणा तेथे नाही. आपण ज्यांची निवड करू त्यांचेच लेखन, लिहिले गेले त्या क्रमाने, समोर येते. नवख्याने आपला परिचय लिहावा आणि सोबत परिचयाचा हॅशटॅग जोडावा, अशी प्रथा आहे. मजकुराची नेहमीची मर्यादा ५०० अक्षरांची. तो वाचून कोणी स्वागत करतो, कोणी सुती कापडाबद्दल विचारतो, कोणी आपल्या गावच्या पावसाची हकीकत सांगतो. डोंबिवलीची लोकल उशिरा आली, घोडबंदर रस्त्यावर वाहने खोळंबली, अशा साध्या ओळींनाही परदेशातून उत्तर येऊ शकते.

दोन रीती मात्र लवकर शिकाव्या लागतात. एखादे लेखन नुसते पसंत केल्याने ते इतरांपर्यंत जात नाही. त्यासाठी ते पुढे पाठवावे लागते. तसेच छायाचित्राखाली त्याचे शब्दांत वर्णन लिहिण्याची अपेक्षा असते, म्हणजे दृष्टिहीन वाचकांनाही ते कळते. व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खाजगी म्हणून पाठविलेला संदेशही सर्व्हर चालविणाऱ्याला तांत्रिकदृष्ट्या वाचता येतो. भावाची बोलणी, बँकेचे तपशील किंवा घरगुती गोष्टी तेथे लिहू नयेत.

एवढ्या खटाटोपाचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण २९ जून २०२० या दिवशी मिळाले. केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील कलाकारांनी व लहान व्यावसायिकांनी जोडलेला प्रेक्षकवर्ग एकाएकी दुरावला. बंदी योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळा. परंतु आपल्या माणसांची यादी सोबत नेण्याची सोय त्यांना नव्हती. मराठीतही चालणारे ‘कू’ हे भारतीय माध्यम जुलै २०२४ मध्ये बंद झाले, तेव्हा तेथील खातेदारांवरही हीच पाळी आली.

मॅस्टोडॉनवर खाते एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविता येते आणि अनुयायी आपोआप सोबत येतात. मात्र जुने लेखन मागेच राहते, आणि जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच हे स्थलांतर शक्य असते. पुष्कळ सर्व्हर लोकांच्या देणग्यांवर चालतात. चालविणारा थकला की दिवा मालवतो. २०२३ मध्ये ‘मॅस्टोडॉन.लोल’ हा सर्व्हर असाच बंद झाला. चालकाने काही महिने आधी सूचना दिली होती, म्हणून ज्यांनी वेळीच हालचाल केली त्यांचे संबंध टिकले.

यावरून हातचे माध्यम सोडून सर्वांनी तिकडे धाव घ्यावी, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. बहुतेक ग्राहक आजही व्हॉट्सॲपवर व इन्स्टाग्रामवर आहेत आणि व्यापार जेथे ग्राहक तेथेच होतो. परंतु दुकानाची जागा भाड्याची असली तरी खातेवही घरची असते, हा जुना शिरस्ता येथेही पाळता येईल. ग्राहकांची नावे व दूरध्वनी क्रमांक स्वतःजवळ, त्यांच्या संमतीने, लिहून ठेवावेत. मालाची छायाचित्रे व मजकूर यांची प्रत महिन्यातून एकदा घरच्या संगणकावर उतरवून घ्यावी. घरातील एखाद्या मुलाने वा सुनेने हे काम अंगावर घेतले, तर त्यास तासाभराहून अधिक वेळ लागू नये.