दुखणं अंगावर काढायचं ते किती?



गेल्या महिन्यात डोंबिवलीतल्या एका बाईबरोबर मी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी होते. ती चार घरची धुणीभांडी करते. सहा महिने अंगावरून लाल जातंय. कामाला खाडा करून आलेली. केसपेपर निघाला, डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी लिहून दिली. तारीख मिळाली दीड महिन्यानंतरची. पैसे पडले नाहीत हे खरं. उपचार मिळाले नाहीत हेही खरं.

पैशांअभावी कुणी उपचारांवाचून राहू नये, असं भोर समितीने १९४६ सालीच सांगितलं होतं. आपल्या चळवळीचीही ती जुनी मागणी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. दार उघडलं, पण आतल्या खाटा आणि माणसं त्या प्रमाणात वाढली का?

त्याच ऑगस्टच्या १२-१३ तारखांना ठाणे महापालिकेच्या कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. त्यांत १० बायका होत्या. ५०० खाटांच्या या रुग्णालयावर आसपासच्या शहरांचा आणि गावांचाही भार. त्यातले काही रुग्ण फार उशिरा आणले होते, असं तेव्हा सांगितलं गेलं. उशिरा का आणले, हे मात्र आपणच विचारायला हवं. घरात बाईचं दुखणं शेवटी निघतं. मग रांग, मग तारीख, मग ‘कळव्याला न्या’, तिथून ‘मुंबईला न्या’. दुखणं अंगावर काढायला बाईला नुसतं घरच शिकवत नाही, दवाखानाही शिकवतो.

रेशनच्या दुकानात निदान कुणाला किती धान्य, ते फळ्यावर लिहिलेलं असतं. उपचारांचं रेशनिंग मात्र बिनफळ्याचं. मग पुढे सरकते ती ओळख आणि चिठ्ठी. गर्भपाताच्या कायद्यात तर आठवडेच मोजतात: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पुढे २४ पर्यंतची मुभा ठराविक बायकांनाच. तिथे तारीख लांबली की हक्कच हातचा जातो.

‘फुकट म्हणूनच गर्दी, थोडी फी लावा,’ असं काहीजण म्हणतात. फी लावली की रांगेतून पहिली बाहेर पडेल ती बाईच. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सर्वांना मोफत सेवा आहे. तिथेही रांगा लांबल्या आहेत, १८ आठवड्यांची मुदत वर्षानुवर्षं पाळली जात नाही. पण किती माणसं किती आठवडे थांबली, याचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात. म्हणून सरकारला जाब विचारता येतो.

आपली मागणी साधी आहे. सोनोग्राफीला आणि ऑपरेशनला किती दिवस थांबावं लागतं, ते प्रत्येक रुग्णालयाने फळ्यावर लिहावं. दुसरीकडे पाठवताना तिथली खाट आधी पक्की करावी, रुग्णवाहिका द्यावी.

तोवर आपण एक वही घालू या. गेलो ती तारीख आणि मिळाली ती तारीख, एवढंच लिहायचं. ठाणे, कल्याण, डोंबिवली, जिथे असाल तिथून आम्हाला कळवा.

त्या बाईची तारीख अजून यायची आहे. ती रोज कामाला जाते.