विमा आहे, उपचार कोठे?

शिरूर-दौंडच्या बाजारपेठेतील व्यापारी कुटुंबांत आरोग्यविमा आता नवलाचा राहिलेला नाही. पॉलिसी घेताना हृदयविकार, मोतीबिंदू, अपघात यांविषयी एजंटाला खोदून विचारले जाते. मनाच्या आजाराविषयी मात्र कोणी विचारत नाही. विचारले तर घरात कोणाला काय झाले आहे, असा संशय यावयाचा!

कायदा येथे समाजाच्या पुढे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम २१(४) नुसार शारीरिक आजाराच्याच धर्तीवर मानसिक आजारालाही विमासंरक्षण देणे प्रत्येक कंपनीवर बंधनकारक आहे. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे कळविले. तरीही २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला एका नाकारलेल्या दाव्यात या समानतेचे स्मरण करून द्यावे लागले, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सर्व पॉलिसींत ही तरतूद करा, असे प्राधिकरणाला पुन्हा बजवावे लागले.

परंतु कॅशलेस उपचार कोठे मिळणार, हे मुख्यतः विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यातील करारावर ठरते. रुग्ण त्या कराराचा पक्षकार नसतो. दर परवडेना म्हणून रुग्णालय करारातून बाहेर पडले, तर झळ त्यालाच लागते. रुग्णालयांची यादी लांबलचक असली, तरी तीत आपल्या तालुक्यातील मानसोपचाराची सोय किती, हे कोण पाहतो? शिरूरहून पुणे सुमारे सत्तर किलोमीटर. दौंडहून रेल्वे आहे खरी. पण बिथरलेल्या रुग्णाला गर्दीच्या गाडीतून नेणे सोपे नाही.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. नैराश्याचा रुग्ण बहुधा दाखल होतच नाही. तो महिनोन् महिने डॉक्टरांकडे जातो, गोळ्या घेतो, समुपदेशन घेतो. आणि बहुतेक पॉलिसी किमान चोवीस तास दाखल झाल्याशिवाय खर्च देत नाहीत. मग समान धर्ती ती कोणती? बाह्यरुग्ण उपचारांचा समावेश आणि तालुकावार मानसोपचार सोयीची तपासणी, या दोन गोष्टी प्राधिकरणाने करारांच्या अटींतच आणाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर वाचकांनी एवढे करावे. नूतनीकरणापूर्वी बाह्यरुग्ण खर्चाविषयी लेखी विचारावे. रांजणगाव वा कुरकुंभच्या कारखान्यांत नोकरी असेल, तर सामूहिक विम्याच्या अटी मागून घ्याव्यात. जानेवारी २०२४ पासून यादीबाहेरील रुग्णालयातही कॅशलेस मिळू शकते. त्यासाठी नियोजित उपचारापूर्वी ४८ तास, तातडीच्या प्रसंगी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवावे लागते. रुग्णालय मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणीकृत आहे ना, हेही पाहावे. दावा नाकारला गेल्यास कारण लेखी घ्यावे आणि प्रथम कंपनीकडे तक्रार करावी. तेथे दाद न लागल्यास पुण्यातील विमा लोकपालांकडे जाता येते. त्यास शुल्क नाही, वकीलही लागत नाही. आणि रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले, तर टेलि-मानसचा १४४१६ हा शासकीय क्रमांक मराठीतही विनामूल्य उपलब्ध आहे.