सही करणाऱ्याची नोकरी

विवाह जमवितांना "मुलगा मोठ्या कंपनींत इंजिनियर आहे" एवढें वाक्य कानांवर आलें कीं घरांतील वडील मंडळींचें निम्में समाधान होतें. पगार किती, राहावयास जागा कंपनीची कीं स्वतःची, पाठीं बहिणी किती, ही चौकशी पुढें यथासांग होते. परंतु हा मुलगा दिवसभर, किंवा पुष्कळदा रात्रभर, नेमकें करतो काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. डॉक्टर रोगी तपासतो, वकील कोर्टांत उभा राहतो, मास्तर शिकवितो. हीं चित्रें आपल्या डोळ्यांपुढें आहेत. इंजिनियरचें तसें चित्र नाहीं. लहान कारखान्याच्या मालकास स्वतःच्या देखरेखीखालीं झालेली एखादी वस्तु पाहुण्यांस दाखवितां येते. पण जेथें हजारों माणसें राबतात तेथील इंजिनियरास "हें मीं केलें" म्हणून बोट दाखविण्याजोगें क्वचितच कांहीं असतें. मग त्याच्या कामाचें मर्म कशांत असतें? आमच्या मतें तें त्याच्या सहींत असतें. आणि त्याहूनहि अधिक, सही न करण्याच्या त्याच्या अधिकारांत असतें.

हें ज्यास जवळून पाहावयाचें असेल त्यानें मुंबईच्या उपनगरांतील वाकोल्यास जावें. सांताक्रूझ स्टेशनाच्या पूर्वेस हा भाग आहे. येथें ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींचें जुनें गांवठाण आहे, चाळी आहेत, सोसायट्या आहेत, मिठी नदीला मिळणारा नाला आहे, आणि शेजारींच कलिना व विमानतळ असल्यामुळें डोक्यावरच्या आवाजाकडे कोणी मान वर करून पाहत नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलकी विमानांची वाहतूक जुहूहून सांताक्रूझला आली आणि जुन्या विमानतळाच्या कलिन्याकडील अंगास एअर इंडियाचे हँगर व दुरुस्तीचे कारखाने उभे राहिले. जवळच नोकरांची वसाहतहि झाली. त्यामुळें सगळा गांव दिवेलागणीला घरीं परतत असतां डबा घेऊन कामावर निघालेला गृहस्थ हें येथील नेहमींचें दृश्य होऊन गेलें. विमान दिवसा पैसे मिळवितें, म्हणून त्याचें औषधपाणी बहुधा रात्रीं करावें लागतें.

येथें एक खुलासा करणें जरूर आहे. माटुंग्याच्या व्ही. जे. टी. आय.सारख्या नांवाजलेल्या संस्थेची पदवी असली म्हणजे विमानाच्या दुरुस्तीवर सही करतां येते असें नाहीं. त्यासाठीं केंद्र सरकारच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. एंजिनें व सांगाडा यांचा परवाना निराळा, विजेच्या व रेडिओच्या यंत्रणेचा निराळा. हा परवाना कंपनीच्या नांवें नसून माणसाच्या नांवें असतो, व तो नोकरी सोडून गेला तर परवाना त्याच्याबरोबर जातो. मात्र तेवढ्यानें भागत नाहीं. "अमक्या जातीच्या विमानावर आमच्यातर्फें सही करण्यास हा मनुष्य अधिकृत आहे" असें पत्र कंपनीनें द्यावें लागतें, आणि दिलेलें पत्र ती परतहि घेऊं शकते. म्हणजे कुलूप एक आणि किल्ल्या दोन. एक सरकारनें दिलेली, दुसरी मालकानें. या नोकरींतील सारी ओढाताण या दुसऱ्या किल्लीपाशीं सुरू होते.

दुरुस्ती संपली म्हणजे कामाच्या नोंदीखालीं इंजिनियर सही करतो. तिचा अर्थ इतकाच कीं, नेमून दिलेलें काम नेमून दिलेल्या रीतीनें झालें असून विमान उड्डाणास योग्य आहे. मग विमान जातें. सगळे दोष निघालेच पाहिजेत असाहि नियम नाहीं. कोणता दोष राहूं दिला तरी चालेल आणि किती दिवस, याची छापील यादी प्रत्येक जातीच्या विमानाला असते. कांहीं दोषांस तीन दिवस, कांहींस दहा, कांहींस एकशेंवीस दिवस मुदत असते. उतारूच्या डोक्यावरील दिवा लागत नाहीं म्हणून विमान अडवून धरणारा इंजिनियर शहाणा नव्हे. पण यादींत जें नाहीं तें पुढें ढकलतां येत नाहीं. हत्यारांचीहि मोजदाद असते. लग्नघरीं शेजाऱ्यांची भांडीं आणलेलीं असलीं म्हणजे कार्य उरकल्यावर आपण तीं मोजून घेतों, त्याप्रमाणें प्रत्येक पाना, प्रत्येक पेंचकस त्याच्या जागीं परत आला कीं नाहीं हें पाहिलें जातें. एक पाना मिळाला नाहीं तर तो सांपडेपर्यंत, किंवा विमानांत राहिला नाहीं अशी खात्री होईपर्यंत, विमान हलत नाहीं. बाहेर दीडशें उतारू घड्याळाकडे पाहत बसलेले असतात, आणि आंत एक जाणता माणूस हातांत विजेरी घेऊन पाना शोधीत असतो! बायकामुलांस हें सांगावयाचें तरी कसें? "आज काय केलें?" या प्रश्नाला "पाना शोधला" हें उत्तर पंक्तींत शोभत नाहीं.

आतां या सहीचें मोल काय, तें एका घडलेल्या गोष्टीवरून सांगतों. १० जून १९९० रोजीं ब्रिटिश एअरवेजचें एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेन देशांतील मालागा शहरीं निघालें. आंत ८१ उतारू व ६ नोकरवर्ग होता. सतरा हजार फुटांवर पोंचल्यावर वैमानिकासमोरची काच एकदम निखळून गेली व कप्तानाचें अर्धें शरीर बाहेर खेंचलें गेलें. नोकरवर्गांतील माणसांनीं त्याचे पाय घट्ट धरून ठेविले आणि दुय्यम वैमानिकानें विमान साउदॅम्प्टनच्या तळावर उतरविलें. कप्तानासुद्धां सर्व जीव वांचले. तो कप्तान पुढें कामावरहि रुजू झाला.

ही काच सत्तावीस तासांपूर्वीं रात्रपाळींत बदललेली होती. ती ९० बोल्टांनीं बसवावयाची असते. चौकशींत असें दिसून आलें कीं त्यांपैकीं ८४ बोल्ट ठरलेल्या जाडीपेक्षां इंचाच्या २६ सहस्रांशांनीं बारीक होते व उरलेले सहा आंखूड होते. बसविणारा कोणी शिकाऊ पोर नव्हता; त्या पाळीचा मुख्यच होता. माणसें कमी पडलीं म्हणून त्यानें तें काम स्वतःच्या अंगावर घेतलें. पुस्तकांत बोल्टाचा क्रमांक पाहण्याऐवजीं त्यानें काढलेला जुना बोल्ट हातांत धरला आणि त्याच्या जोडीचे बोल्ट अपुऱ्या उजेडांत नजरेनें निवडले. कोठारावरील माणसानें खरा क्रमांक सांगितला होता. पण मुख्यापुढें त्यानें आग्रह धरला नाहीं. आणखी चमत्कार असा कीं जो जुना बोल्ट नमुना म्हणून धरला तोच मुळीं चुकीचा होता, आणि तरी तसल्या बोल्टांनीं ती जुनी काच कित्येक वर्षें धरून ठेविली होती. म्हणजे पूर्वीं कोणाच्या तरी हातून झालेली चूक पचली, आणि पचली म्हणूनच ती पुढच्यास खरी वाटली.

या गोष्टींत आम्हांस सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती बाब निराळीच आहे. काम त्यानेंच केलें, तपासलें त्यानेंच, आणि सहीहि त्यानेंच केली. या कामाची दुसऱ्या माणसानें फेरतपासणी केली पाहिजे असें त्या वेळच्या नियमांत नव्हतें. लोणच्याच्या बरणींत मीठ घालणारी सून जाणती असली तरी सासूबाई एकवार चव पाहतात, तींत अविश्वास नसतो. ती घराची रीत असते. मोठ्या कंपनीचा मोठेपणा खरें पाहतां असल्या दुसऱ्या डोळ्यांतच आहे. लहान दुकानदारास दुसरा मनुष्य ठेवणें परवडत नाहीं, कंपनीस परवडतें. परंतु काटकसरीची वेळ आली म्हणजे पहिली कात्री नेमकी याच दुसऱ्या माणसावर चालते, कारण तो कांहीं उत्पन्न करतांना दिसत नाहीं. ज्यानें चूक पकडली त्याच्या नांवावर कांहीं जमा होत नाहीं. जें घडलें नाहीं त्याचा हिशेब कोण ठेवणार?

आणि दडपण कसें येतें म्हणाल, तर "सही कर" असें स्पष्ट कोणी म्हणत नाहीं. मोठ्या कंपनींतील माणसें सुशिक्षित असतात. "अजून किती वेळ?" एवढेंच विचारलें जातें. अर्ध्या तासानें पुन्हां तोच प्रश्न; तिसऱ्या वेळीं आवाज बदललेला असतो. विमान जमिनीवर उभें असलें म्हणजे प्रत्येक तासाला पैसा जातो, हें विचारणाऱ्यास ठाऊक असतें व ऐकणाऱ्यासहि. अशा वेळीं पहांटे चार वाजतां "अजून झालें नाहीं" असें शांतपणें म्हणणें, हें या इंजिनियरचें खरें काम. पाना फिरविणें त्या मानानें सोपें.

तें तो कोणाच्या बळावर म्हणूं शकतो? येथें आपल्या घरांचा संबंध येतो. ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, धाकट्याची फी आहे, आणि राहावयाची जागाहि कंपनीचीच आहे, त्याची जीभ नाहीं म्हणतांना जड होते. आपण सोयरिक जुळवितांना कंपनीची जागा म्हणजे मोठें भाग्य समजतों. त्याची दुसरी बाजूहि पाहावी. टाटांनीं १९३२ सालीं सुरू केलेली विमानकंपनी १९४६ सालीं एअर इंडिया झाली, १९५३ सालीं सरकारची झाली आणि २७ जानेवारी २०२२ रोजीं पुन्हां टाटांकडे गेली. दुरुस्तीचें खातें निराळी कंपनी करून त्या विक्रींतून वगळलें होतें. या उलाढालींत कलिन्याच्या वसाहतींतील कुटुंबांस जागा सोडण्यास सांगण्यांत आलें. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. कोणाची बाजू बरोबर हा आमचा विषय नाहीं. पण ज्या अंगणांत मुलें लहानाचीं मोठीं झालीं तें अंगण पगाराच्या कागदाशीं बांधलेलें होतें, हें त्या दिवशीं अनेकांस उमगलें असेल. मालक बदलला, घर गेलें; परवान्यावरचें नांव तेवढें तेंच राहिलें. म्हणून ज्यांच्या घरीं असा मुलगा असेल त्यांनीं त्याच्या पगारांतून सहा महिन्यांचा खर्च बाजूस टाकण्याची चाल आरंभापासून पाडावी असें आम्हांस वाटतें. बढती थोडी उशीरा मिळाली तर तोंड वांकडें करूं नये, आणि रात्रपाळी करून आलेला मनुष्य दिवसा दार लावून निजला तर कुकरच्या शिट्ट्या व पाहुण्यांच्या गप्पा दुसऱ्या खोलींत न्याव्या. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत हें कठीण आहे खरें. वाकोल्यांतील कित्येक गृहिणी तें वर्षानुवर्षें करीत आल्या आहेत, आणि त्यांची सही मात्र कोणत्याच कागदावर नसते.

ज्यांच्या घरीं यंदा बारावीचीं मुलें आहेत त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. पदार्थविज्ञान, रसायन व गणित हे विषय असलेल्या मुलास किंवा मुलीस या परवान्याचा शिक्षणक्रम घेतां येतो. त्यानंतर विषयवार सरकारी परीक्षा असतात, त्यांखेरीज हँगरमध्यें प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो, आणि शेवटीं कंपनीचें पत्र. तोंपर्यंत त्यानें केलेल्या प्रत्येक कामाखालीं दुसऱ्याची सही पडते. मुलगा उतावळा असेल तर त्यास हा काळ फार लांब वाटेल.