पत्रिकेवर मोडी, ट्रंकेत मोडी

लग्नपत्रिकेवरचा वळणदार 'स्क्रिप्ट' फॉन्ट आता जाम कॉमन झालाय. इंग्रजी वेलबुट्टीचा कंटाळा आलेल्यांसाठी हटके पर्याय आपल्या घरातच आहे, बॉस. मोडी!

मोडीचा फंडाच वेगाचा. आधी कागदभर आडवी रेघ मारायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं ओवत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, र्‍हस्व-दीर्घाची कटकट नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पत्रं, हिशेब, जमिनीचे व्यवहार याच लिपीत चालायचे. छपाईही तिला नवी नाही. विल्यम केरीचा मराठी शब्दकोश १८१० मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला मोडी टायपात छापला गेला. युनिकोडमध्ये शिरायला मात्र तिला २०१४ उजाडलं. आज 'नोटो सान्स मोडी' हा फॉन्ट फुकट मिळतो.

वापरताना थोडं भान ठेवा. मोडी नावापुरती, ठसठशीत. तारीख, मुहूर्त, पत्ता देवनागरीतच, नाहीतर पाहुणे भलत्याच कार्यालयात जेवून येतील! फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपली रेघ सोबत घेऊन येतं, त्यामुळे हाताची लय थोडी हरवते. जमलं तर नावं सुलेखनकाराकडून लिहून घ्या आणि स्कॅन करा. फॉन्टच वापरणार असाल तर फाइल 'कर्व्हज' करून द्या. प्रेसच्या कम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसतात. आणि छापण्याआधी मोडी जाणणाऱ्याची नजर फिरू द्या.

महाडला एका डीटीपीवाल्याकडे पोलादपूरकडचं एक जोडपं भेटलं. रायगडच्या पायथ्याशी राहायचं म्हणजे पत्रिकेला शिवकालीन लूक मस्टच! नावं मोडीत बघून दोघंही खूश. नवरदेव सहज म्हणाला, "आमच्या आजोबांच्या ट्रंकेत असलेच कागद आहेत. पण घरात कुणालाच वाचता येत नाहीत."

खरी मेख इथेच आहे. पत्रिकेवरची मोडी वाचता आली नाही तरी लग्न लागतं. ट्रंकेतली वाचता आली नाही तर आपला बांध कुठवर, कुणाचा हिस्सा किती, कर्ज फिटलं की नाही, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. शिवाय कागद काही थांबत नाही. जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या घराघरांत, दुकानांत पाणी शिरलं होतं. अशा पाण्यात गेलेलं पान कुठला फॉन्ट परत आणणार?

तेव्हा येत्या सुट्टीत गावी गेलात की ट्रंक उघडा. कागद हलक्या हाताने सोडवा, प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि कोरड्या जागी ठेवा. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, त्यांची चौकशी करा. टी-शर्टावर मोडी मिरवणं कूल आहेच. पणजोबांची सही स्वतः वाचणं त्याहून कूल!