मुक्त विद्यापीठ हवे, अभ्यासकेंद्रासकट

“रेग्युलर की मुक्त?” हा प्रश्न ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडच्या पदवीधराला लग्नाच्या बोलणीत विचारतात, गोदामातल्या सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखतीला गेला की विचारतात, आणि पुष्कळदा ज्यांनी त्याला शाळेत शिकवले ते गुरुजीही विचारतात. ‘मुक्त’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात त्या पदवीची किंमत निम्म्याने उतरते. या समजुतीचे खंडन करण्यासाठी हा लेख आहे. पण अलीकडे हिच्या नेमकी उलटी समजूतही जोर धरू लागली आहे: मोबाइल हातोहाती पोचले, शिक्षण ऑनलाइन झाले, आता आडगावाला कॉलेज कशाला आणि शिक्षक तरी कशाला? पहिली समजूत शिकणाऱ्याचा अपमान करते आणि दुसरी त्याला एकटे सोडते. दोन्हींचा समाचार घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप नीट मांडतो, कारण तो घेणारे सगळेच आढ्यतेने बोलत नाहीत. ते म्हणतात, कॉलेज म्हणजे नुसती परीक्षा नव्हे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, गॅदरिंग, एनएसएसचे शिबिर, वर्गात धीर करून विचारलेली शंका, मित्रांशी घातलेले वाद यांतून माणूस घडतो. घरी पुस्तके वाचून परीक्षेपुरता हजर होणारा याला मुकतो. हे खरे आहे. शहापूरचे सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय किंवा मुरबाड तालुक्यातले शिवळ्याचे शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय नसते, तर या भागातल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर झालाच नसता. ज्याला कॉलेजात जाता येते त्याने जरूर जावे.

ज्याला जाता येत नाही त्याचे काय, हा माझा प्रश्न आहे. कातकरी कुटुंबे दिवाळी झाली की भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कॉलेजचे दुसरे सत्र नेमके त्याच महिन्यांत चालते. मुरबाडच्या एमआयडीसीत, आसनगाव-वाशिंदच्या कारखान्यांत, भिवंडीच्या गोदामांत पाळीने काम करणाऱ्या मुलाची रात्रपाळी सुटते तेव्हा कॉलेजचा पहिला तास सुरू होत असतो. ७५ टक्के हजेरी त्याने भरायची कशी? डोळखांब किंवा टोकावडे भागातल्या मुलीला बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास असतो. बारावी संपली की तो पास संपतो आणि घरातला हिशेब तिथेच बदलतो. मुरबाडला रेल्वे नाही. संध्याकाळची एसटी चुकली तर जीप भरेपर्यंत ताटकळायचे, मग फाट्यावर उतरून अंधारात पाड्यापर्यंत चालायचे. एक-दोनदा असे झाले की घरातले म्हणतात, “पुरे झालं शिकणं.” पुढे लग्न, सासर, लहान मूल. तिशीतल्या त्या बाईला पुन्हा शिकावेसे वाटले, तर तिला एफवायच्या वर्गात सतरा-अठरा वर्षांच्या पोरांशेजारी बसवायचे, की ती आहे तिथे विद्यापीठाने यायचे?

हा प्रश्न आजचा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनातली प्राथमिक शिक्षणाची मागणी सगळ्यांना माहीत असते. त्याच निवेदनात आणखी एक मागणी आहे, तिची आठवण फारशी काढली जात नाही. खासगी अभ्यास करणाऱ्यांना मुंबई विद्यापीठाने प्रवेश परीक्षेला बसू दिले, याबद्दल फुल्यांनी समाधान व्यक्त केले आणि तीच वाट बी.ए., एम.ए.सारख्या वरच्या परीक्षांसाठीही खुली करावी असे सुचवले. कारणही त्यांनी दिले: पुष्कळांना नाना अडचणींमुळे कॉलेजात राहून शिकणे अशक्य होते; खासगी अभ्यासाला मान्यता दिली तर ज्ञान अधिक पसरेल आणि सरकारच्या तिजोरीवरचा भारही हलका होईल. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाची स्थापना १९६९ची. त्याच्या ८७ वर्षे आधी ही मागणी पुण्याहून झाली होती. मुक्त शिक्षण हे बाहेरून आणलेले खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी ते निवेदन काढून वाचावे.

आशियाने हा विचार उचलला तो हौसेने नव्हे. देश तरुण, कॉलेजे शहरांत, आणि शाळा अर्धवट सुटलेल्यांची संख्या अफाट. दक्षिण कोरियाने १९७२मध्ये, पाकिस्तानने १९७४मध्ये, थायलंडने १९७८मध्ये, श्रीलंकेने १९८०मध्ये, हजारो बेटांच्या इंडोनेशियाने १९८४मध्ये आणि बांगलादेशाने १९९२मध्ये अशी विद्यापीठे उभी केली. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाचे पत्रद्वारा शिक्षण १९६२पासूनचे, मुंबई विद्यापीठाचे १९७१पासूनचे. हैदराबादला १९८२मध्ये पहिले मुक्त विद्यापीठ झाले, १९८५मध्ये ‘इग्नू’ आले, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवून आलेले होते आणि पुढे ‘इग्नू’चेही कुलगुरू झाले. दुय्यम दर्जाचे काही काढायचे असते तर असा माणूस तिथे गेला नसता.

नाशिकच्या विद्यापीठाने केलेले एक काम मला सगळ्यांत मोलाचे वाटते, ते म्हणजे ‘पूर्वतयारी’ शिक्षणक्रम. बारावी न झालेल्या, शाळा मध्येच सुटलेल्या प्रौढाने तो पुरा करायचा आणि पदवीच्या वर्गाला लागायचे. नापास झालेल्या, शेतावर किंवा कामाला लागलेल्या माणसाला ‘तुझी वेळ गेली’ असे इथे कोणी म्हटले नाही. आश्रमशाळेतून नववीत बाहेर पडलेल्या कितीतरी मुलांच्या आयुष्यात तोच एक दरवाजा उरतो. नियमांच्या फेऱ्यात तो कधीही बंद होता कामा नये.

आता दर्जाचे बोलू. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट केले आहे की मान्यताप्राप्त संस्थांची मुक्त, दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने मिळालेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. कायद्याने प्रश्न मिटतो, मनाने मिटत नाही, म्हणून दुसरा पुरावा देतो. डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेल्या असंख्य शिक्षकांनी नोकरी सांभाळत, सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रांना बसून मुक्त विद्यापीठाचे बी.ए. आणि बी.एड. केले. आपली मुले आज त्यांच्याच वर्गात बसतात. त्यांच्या हाती मुले बिनघोर सोपवायची आणि त्यांच्या पदवीला मात्र नाक मुरडायचे, यात कसलाही न्याय नाही.

“पण तिकडे सर्रास कॉपी चालते,” असे लगेच ऐकू येते. जिथे चालते ते केंद्र बंद करा, पर्यवेक्षक बाहेरचा नेमा, केंद्रसंयोजकावर कारवाई करा. दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी राज्य मंडळाला दरवर्षी कॉपीमुक्त अभियान राबवावे लागते, म्हणून दहावीची किंमत शून्य झाली असे कोणी म्हणत नाही.

यानंतरचा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे आणि तो आपल्यातल्याच प्रामाणिक कार्यकर्त्यांचा आहे. ते म्हणतात, मुक्त शिक्षण ही सरकारची पळवाट आहे. शहापूर आदिवासी क्षेत्रात येते, मुरबाडचाही काही भाग येतो. तिथे अनुदानित कॉलेज, वसतिगृह, पुरेसे प्राध्यापक देणे हे शासनाचे कर्तव्य. ते टाळायचे आणि ‘घरी बसून शिका’ म्हणायचे. शहरातल्या पोरांना प्रयोगशाळा आणि पाड्यावरच्यांना पुस्तकांचे पार्सल. ही भीती खरी आहे. फुल्यांच्या त्या मागणीतला खर्च वाचवण्याचा मुद्दाही उद्या कोणी याच कामी वापरील. म्हणून स्पष्ट सांगतो: मुक्त विद्यापीठात किती नावनोंदणी झाली, हे कारण देऊन एकाही कॉलेजची तुकडी किंवा वसतिगृहाची जागा कमी झाली तर त्या विरोधात मी या कार्यकर्त्यांच्या बरोबर उभा राहीन. पण कॉलेज होईपर्यंत वाट पाहा, असे आज भट्टीवर असलेल्या तरुणाला सांगता येत नाही. आणि उद्या डोळखांबला उत्तम कॉलेज झाले, तरी रात्रपाळीचा कामगार आणि चुलीपुढची बाई त्याच्या सकाळच्या तासाला बसू शकणार नाहीत. त्यांचा हक्क वेगळा आहे आणि तो वेगळाच मागितला पाहिजे.

उरली ऑनलाइनवाल्यांची समजूत. ‘स्वयम्’चे व्यासपीठ २०१७मध्ये सुरू झाले, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ऑनलाइन शिक्षणाला जोर दिला, आणि आता नामांकित संस्थांतली व्याख्याने फुकट ऐकता येतात. या सोयीचे मोल मी कमी लेखत नाही. नाणेघाटाच्या पायथ्याच्या मुलाला आयआयटीतल्या प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकता येणे ही मोठी गोष्ट आहे. पण तानसा, भातसा, मोडकसागर यांचे पाणी मुंबईला नेणाऱ्या जलवाहिन्या शहापूरच्या गावांजवळून जातात, म्हणून उन्हाळ्यात तिथे टँकर लागायचा राहत नाही. ज्ञान जवळून वाहते एवढ्याने ते घरात येत नाही. मार्च २०२०नंतर शाळा बंद होत्या तेव्हा आपण हे डोळ्यांनी पाहिले: रेंजसाठी टेकाडावर चढणारी पोरे, घरात एकच फोन आणि तो बापाबरोबर कामावर गेलेला, तीन भावंडांत एक डेटापॅक. त्या काळात ज्या शिक्षकांनी ओट्यावर, झाडाखाली, देवळाच्या सभामंडपात चार-सहा मुले गोळा करून शिकवले, त्यांच्यामुळे काही तरी टिकले.

ऑनलाइन पद्धतीत खर्च संपत नाही, तो विद्यापीठाच्या खात्यातून विद्यार्थ्याच्या खिशात जातो. फोन त्याचा, डेटा त्याचा, छापील पुस्तक बंद झाले तर झेरॉक्स त्याची, आणि प्रवेशाचा किंवा परीक्षेचा अर्ज भरायला शहापूर वा मुरबाडच्या सायबर कॅफेत घालवलेली रोजंदारीही त्याचीच. अर्जात चूक झाली तर विचारायचे कोणाला, हेच त्याला कळत नाही. पहिल्या पिढीचा शिकणारा गळतो तो बहुधा इथे. विषय अवघड गेल्याने गळणारे थोडे असतात.

ज्या देशांनी दूरशिक्षण मोठे केले त्यांना हे आधीच कळले होते. चीनने १९७९मध्ये मध्यवर्ती रेडिओ-दूरचित्रवाणी विद्यापीठ सुरू केले. त्याचे विद्यार्थी आपापल्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गट करून व्याख्याने पाहत आणि गटाबरोबर स्थानिक शिक्षक असे. इंटरनेटमध्ये जगाच्या पुढे असलेल्या दक्षिण कोरियानेही आपल्या मुक्त विद्यापीठाची प्रादेशिक केंद्रे मोडलेली नाहीत. आपल्या मुक्त विद्यापीठाची मूळ घडणही तशीच होती: स्वयंअध्ययनाची मराठी पुस्तके, जवळचे अभ्यासकेंद्र, तिथे सुट्टीच्या दिवशी भेटणारा संमंत्रक म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, आणि तपासून परत येणारा स्वाध्याय.

लांबचे उदाहरण नको असेल तर मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाचे घ्या. तिथे ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या, कोणी नव्वदीला टेकलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन, घरातली कामे आटोपल्यावर दुपारी शाळेत येऊ लागल्या. पाटीवर आपले नाव लिहायला शिकल्या. या शाळेचे कौतुक देशभर झाले, फोटो छापून आले. मला तिच्यातली व्यवस्था महत्त्वाची वाटते. शाळा गावातच, तास आज्यांच्या सवडीचा, आणि हात धरून गिरवून घेणारी बाई समोर. नव्वदीच्या जवळ आलेली निरक्षर स्त्री या व्यवस्थेत शिकू शकते, तर वीस वर्षांची बारावी झालेली मुलगी पदवीधर होण्यात काय अडचण आहे?

तेव्हा माझी मागणी नेमकी आहे. शहापूर आणि मुरबाड या तालुक्याच्या गावांपुरती अभ्यासकेंद्रे ठेवून भागणार नाही. ती किन्हवली, डोळखांब, खर्डी, धसई, टोकावडे, सरळगाव इथपर्यंत न्यायला हवीत. इमारत बांधायची गरज नाही. आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळा रविवारी रिकाम्या असतात. शहापूरचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, ठाणे जिल्हा परिषद आणि मुक्त विद्यापीठ यांनी एकत्र बसून त्या उघडून द्याव्यात. तिथे इंटरनेटची चांगली जोडणी आणि दोन-चार संगणक असावेत, म्हणजे ऑनलाइन व्याख्यानेही गटाने बसून पाहता येतील आणि अर्ज तिथेच भरले जातील. संमंत्रकाला मानधन वेळेवर आणि पोट भरेल इतके द्या. त्याच भागातले पदवीधर या कामाला मिळतील. छापील पुस्तक बंद करू नका. आठवडी बाजाराच्या दिवशी केंद्र संध्याकाळपर्यंत उघडे ठेवा, कारण पाड्यावरची माणसे त्या दिवशी गावात येतातच.

आणि परीक्षेचे वेळापत्रक बदला. उन्हाळ्याच्या परीक्षेला वीटभट्टीवरचा माणूस येऊ शकत नाही, मालक सोडत नाही आणि उचल फिटलेली नसते. भातलावणी उरकल्यावर आणि कापणीच्या आधी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, या भागासाठी परीक्षेची एक फेरी ठेवता येते. प्रवेशाची मुदतही तोवर चालू ठेवता येते. परीक्षा केंद्र खर्डीला आणि टोकावड्याला द्या. पहिल्या वर्षी वीसच परीक्षार्थी आले तरी द्या.