घरविम्याचा हप्ता भागानुसार का बदलतो? बेंगळुरूमधील लाभार्थ्यांनी काय पाहावे

मे 2025 च्या पावसात होरमावू भागातील साई लेआउटमध्ये घरांत पाणी शिरले. सप्टेंबर 2022 मध्ये बेल्लंदूर, यमलूर परिसर पाण्याखाली गेला होता. त्याच शहरातील उंचावरच्या वस्त्या मात्र कोरड्या राहतात. मग दोन्हीकडे विम्याचा दर एकच असावा का?

दर कसा काढतात?

हे गणित अ‍ॅक्च्युअरी म्हणजे विमागणिततज्ज्ञ मांडतात. समजा, एका वस्तीत 1,000 घरांचा विमा आहे. 10 वर्षांत 50 दावे आले आणि प्रत्येकी सरासरी 60,000 रुपये द्यावे लागले. एकूण खर्च 30 लाख, म्हणजे दर घरामागे वर्षाला 300 रुपये. संपूर्ण शहराची सरासरी 120 रुपये धरू.

पण एका वस्तीची आकडेवारी थोडी असते. एखाद्या वाईट वर्षाने ती फुगते. म्हणून वस्तीच्या आकड्याला समजा 40 टक्के आणि शहराच्या आकड्याला 60 टक्के वजन देतात. उत्तर येते 192 रुपये. त्यात कंपनीचा खर्च, नफा व कर मिळवून हप्ता ठरतो. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.)

भार कोणावर?

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत देशभर वर्षाला 20 रुपयेच लागतात. पीक विमा योजनेत जिल्ह्यानुसार व पिकानुसार दर बदलतो, तरी शेतकऱ्याचा वाटा खरिपाच्या अन्नधान्य व तेलबिया पिकांसाठी कमाल 2 टक्के असतो. उरलेला हप्ता सरकार भरते. घरविम्यात असा आधार नाही. भागानुसार दर जितका बारकाईने लागेल, तितका सखल वस्तीतल्या कुटुंबावर बोजा वाढेल. उलट दर सरसकट ठेवला, तर सुरक्षित भागातील लोक इतरांचा भार उचलतात.

तुमच्या हातात काय आहे?

1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. अटी सर्व कंपन्यांत सारख्या, हप्ता मात्र कंपनी ठरवते. म्हणून:

• किमान तीन कंपन्यांकडून दर विचारा.
• पूर, वादळ, भूकंप यांचे संरक्षण यात आहे. हप्ता कमी करण्यासाठी ते वगळले जात नाही ना, हे तपासा.
• विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरवा. जागेची किंमत त्यात धरू नका.
• घराचा विमा घेतल्यास त्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, घरातील सामानही आपोआप संरक्षित होते.
• भाडेकरू असाल तर फक्त सामानाचा विमा घेता येतो.
• पत्ता व मजला खरा लिहा. चुकीच्या माहितीमुळे दावा अडकू शकतो.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्या. समाधान न झाल्यास विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंदवा.