होडीला किलोमीटरचा काटा नसतो

पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, मग असं पेट्रोल गाडीत भरणं जायज आहे का? आमच्या व्हॉट्सॲप गटांवर हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी उगवतो. मग कोणीतरी वीस मिनिटांचा उर्दू ऑडिओ टाकतो. कपड्यावर थेंब पडला तर त्या कपड्यात नमाज होते का, असं कोणी विचारतो. आणि जुम्मा उलटून गेला की विषय संपतो. मी मुफ्ती नाही. मला एवढंच समजतं की हे जळण आहे, शरबत नव्हे. पण याच गटांत मिरकरवाड्याचे, राजिवड्याचे, जयगडचे मच्छीमार आहेत. त्यांच्या होडीवरच्या इंजिनाचं या पेट्रोलने काय होतं, यावर आजवर एकही ऑडिओ माझ्या कानावर आलेला नाही.

ज्याला बाजारात ई-२० म्हणतात ते हे पेट्रोल. शंभरात वीस भाग इथेनॉल. २०१४ मध्ये हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं. २०१८ च्या जैवइंधन धोरणात वीस टक्क्यांची मुदत २०३० होती. मग ती अलीकडे ओढून २०२५-२६ केली. २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के गाठले, २०२५ मध्ये वीस. म्हणजे तीन वर्षांत इंधन बदललं. इंजिनं मात्र बदलली नाहीत. ज्याने कर्ज काढून लाखाच्या वर किमतीचं आउटबोर्ड मशीन घेतलं, तो ते तीन वर्षांत बदलत नाही. दहा-पंधरा वर्षं वापरतो, आणि नंतर भावाला विकतो.

ही गोष्ट ट्रॉलरची किंवा पर्ससीनची नाही, हे आधी स्पष्ट करतो. ते डिझेलवर चालतात. डिझेलच्या कर-परताव्यासाठी त्यांच्या सोसायट्या आहेत, निवेदनं आहेत, मंत्र्याकडे जाणारी शिष्टमंडळं आहेत. मी बोलतोय ती खाडीतली आणि किनाऱ्यालगतची छोटी फायबरची होडी. दोन माणसं, थोडी जाळी आणि मागे लटकवलेलं पेट्रोलचं मशीन. मासेमारीच्या उतरंडीत सर्वात खालचा माणूस तो, आणि या पेट्रोलचा फटका बसतो तोही त्यालाच.

गाडीला जे पचतं ते होडीला का पचत नाही, हे नीट समजून घेतलं पाहिजे. इथेनॉल पाण्याला जवळ करतं. साधं पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पाणी तळाशी बसतं आणि गाळणीत पकडता येतं. इथेनॉल मात्र पाण्याला आपल्यात विरघळवून घेतं, आणि एका मर्यादेनंतर ते ओझं झेपेनासं झालं की पेट्रोलची साथ सोडून पाण्यासकट तळाला जातं. इंजिनाची नळी पेट्रोल ओढते ती तळातूनच. टू-स्ट्रोक इंजिनात तर वंगण म्हणून टूटी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, आणि ते वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. म्हणजे इंजिनाच्या पोटात जातं ते पाणी आणि स्पिरिट, वंगणाशिवाय. पिस्टन जाम व्हायला आणखी काय लागतं?

सरकारी बाजूचे लोक यावर एक मुद्दा मांडतात, आणि तो खरा आहे. इथेनॉल जितकं जास्त तितकं ते पाणी जास्त सामावून घेतं, म्हणून ई-२० हे ई-१० पेक्षा उशिरा फाटतं. कबूल. पण फाटतं तेव्हा तळाचा थरही दुप्पट असतो. शिवाय कारची टाकी बंदिस्त असते, होडीवरची टाकी म्हणजे उघड्या हवेतला डबा. झाकणाला वाफेसाठी भोक, वरून लाटेचे तुषार, पावसाळी हवा, आणि पंपावरून पेट्रोल आणायला पाच लिटरचा जुना कॅन. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. एकसष्ट दिवस इंजिन ताडपत्रीखाली पडून, तेही कोकणातल्या ऐन पावसात. दिल्लीत धोरण लिहिणाऱ्याने आपली गाडी अशी ठेवून बघावी.

हे पुस्तकी वाटत असेल तर आमच्या इथला एक मिस्त्री काय करतो ते सांगतो. गिऱ्हाईक भांडायला आलं की तो काचेच्या मापी नळीत शंभर मिली पेट्रोल घेतो, त्यात दहा मिली पाणी ओततो, झाकण लावून हलवतो आणि ठेवून देतो. थोड्या वेळाने खाली पाण्याचा थर दिसतो. पण तो दहाचा नसतो, तिसाच्या आसपास असतो. बाकीचे वीस पेट्रोलमधून खाली उतरलेलं इथेनॉल. "हे बघा चाचा, तुमच्या टाकीत हे चाललंय," एवढंच तो म्हणतो. आम्ही शाळेत मुलांना मिश्रण आणि द्रावण यांतला फरक पाठ करायला लावतो. हा माणूस तो एका मिनिटात दाखवतो. (घरी करायचं असेल तर चूल, बिडी आणि लहान मुलं लांब ठेवा.)

पाण्याशिवाय दुसरंही दुखणं आहे, ते उष्णतेचं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, आणि एका लिटरमधली ताकद पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश. नव्या गाडीत संगणक असतो, सायलेन्सरमधला सेन्सर त्याला सांगतो आणि तो इंधन वाढवतो. कार्बोरेटरच्या जुन्या मशीनला असं कोणी सांगणारं नाही. जेटचं भोक आहे तेवढंच राहतं, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. मोटारसायकल सिग्नलला थांबते, उतारावर श्वास घेते. होडीचं मशीन भरतीविरुद्ध तासभर पूर्ण दाबून चालवावं लागतं. रबरी पाईप फुगतात किंवा कडक होऊन तडकतात, जुने ऑइल सील सुटतात, कार्बोरेटरच्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमते. आंब्याच्या बागेत फवारणीचे पंप आणि गवत कापायची मशीनं चालवणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. त्यांचंही दुखणं हेच. फरक इतकाच की बागेत मशीन बंद पडलं तर माणूस चालत घरी येतो.

आता सरकारचं उत्तर ऐका. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला की काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबराचे काही भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात, आणि ते काम स्वस्तातलं आहे. हे उत्तर मी दोनदा वाचलं. होडीला किलोमीटरचा काटा नसतो. राजिवड्याच्या धक्क्यावर उभं राहून हे तीस हजार किलोमीटर कसे मोजायचे? नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात मायलेज किती घटेल त्याचे आकडे आहेत. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीला सहा-सात टक्के, तशाच दुचाकीला तीन-चार टक्के. दुचाकी आणि चारचाकी. पेट्रोल म्हणजे रस्ता, असं ज्यांनी धरलं त्यांच्या हिशेबात समुद्र आलाच नाही.

त्याच आराखड्यात आणखी दोन गोष्टी होत्या. जुन्या वाहनांसाठी ई-१० पंपावर मिळत राहावं, आणि ताकद कमी असल्यामुळे मिश्र पेट्रोलचा दरही कमी असावा. पहिली गोष्ट अमलात आली नाही. दुसऱ्यावर मंत्रालय म्हणालं, तेव्हा इथेनॉल स्वस्त होतं, आता ते महाग झालंय. ठीक आहे, पण मग ग्राहकाने नेमकं काय मिळवलं? पूर्वीचा दर, कमी ताकद आणि दुरुस्तीचा खर्च.

अमेरिकेकडे बघा, कारण आपल्याकडे प्रत्येक गोष्टीत तिचा दाखला देतात. तिथेही मक्याचं इथेनॉल आहे, शेतकऱ्यांचं राजकारण आहे, कंपन्यांचा दबाव आहे. तरी २०१० आणि २०११ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने ई-१५ ला परवानगी दिली ती २००१ आणि नंतरच्या मोटारींपुरती. बोटी, मोटारसायकली, गवत कापायची यंत्रं यांत ते भरायला मनाई केली आणि पंपावर तसं लेबल लावणं बंधनकारक केलं. वीस टक्के नव्हे, पंधरा टक्क्यांची ही गोष्ट. आउटबोर्ड बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या पुस्तिकांत दहा टक्क्यांची मर्यादा छापलेली असते. म्हणजे इंजिन बनवणारा सांगतो दहाच्या वर भरू नका, आणि पंपावर वीसशिवाय काही मिळत नाही. हमी कोणाकडे मागायची?

ब्राझीलचं नाव आता कोणीतरी घेईलच. तिथे सत्तावीस, तीस टक्के चालतं, मग आपल्याला काय धाड भरली? ब्राझीलने हे काम १९७५ पासून केलं आहे. कोणतंही मिश्रण चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या तिथे २००३ पासून विकल्या जातात. पन्नास वर्षांचा रस्ता आपण तीन वर्षांत धावलो आणि मागे राहिलेल्याला म्हणतो, तूच हळू.

मग शरियतचा प्रश्न विचारायचाच असेल तर हा विचारा. कुरआनच्या त्र्याऐंशीव्या सूरेचं नावच मापात लबाडी करणाऱ्यांवरून पडलं आहे, अल-मुतफ्फिफीन. आणि हदीसमधला तो प्रसंग मक्तबमधल्या पोराला ठाऊक असतो. धान्याच्या ढिगात हुजूरांनी हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. दुकानदार म्हणाला, पाऊस पडला होता. त्यावर हुजूरांनी विचारलं की ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. पाऊस पडणं हा त्याचा गुन्हा नव्हता. ओल झाकली, तो गुन्हा. पेट्रोलमध्ये ऊस घाला, मका घाला, हरकत नाही. पण नाव तेच, दर तोच, आणि आतली ओल सांगायची नाही? आमच्या भागात काही पंपांवर नळीजवळ ई-२० असा बोटभर स्टिकर आहे, काहींवर तोही नाही. मराठीत, ठळक अक्षरांत, बोटीच्या इंजिनाबद्दल इशारा मी एकाही पंपावर वाचलेला नाही.

कोर्टाचा मार्गही झाला. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर स्पष्ट लेबल मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांनी ई-२० विरुद्धची ओरड पैसे देऊन चालवलेली मोहीम आहे असं सांगितलं. माझ्यासारख्याने हे लिहिलं तर त्यावर आणखी एक शिक्का बसतो, तो कोणता हे वाचकांना सांगायला नको. म्हणून लिहून ठेवतो. परकीय चलन वाचतं हे खरं आहे. कारखान्यांकडे पैसा खेळता राहिला तर ऊसवाल्याची थकबाकी लवकर मिळते, हेही खरं आहे, आणि ते व्हावं. पण सांगली-कोल्हापूरच्या उसाचं बिल रत्नागिरीच्या होडीवाल्याच्या पिस्टनमधून का वसूल करायचं, एवढंच विचारतोय. ऊस किती पाणी पितो तो विषय वेगळा, आज तिकडे जात नाही.

मागणी अवघड नाही. इथेनॉलविरहित पेट्रोल देशात नाहीच असंही नाही. शंभर ऑक्टेनचं, लिटरला दीडशेच्या वरचं पेट्रोल काही मोठ्या शहरांत मिळतं, महागड्या गाड्यांसाठी. आणि अपवाद करता येत नाही म्हणावं तर २०१९ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा कार्यक्रम देशभर लागू केला तेव्हा अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप वगळले होतेच की. म्हणजे समुद्र नकाशावर दिसतो, फक्त कोकणचा दिसत नाही. प्रत्येक मासेमारी बंदरावर एक पंप, त्यावर साधं किंवा निदान ई-१० पेट्रोल, नेहमीच्या दरात, नौकेच्या नोंदणीवर. प्रत्येक नळीवर मराठीत टक्केवारी. आणि बाजारात चालणाऱ्या आउटबोर्ड मशीनांची ई-२० वर खाऱ्या हवेत चाचणी, निकालासकट जाहीर.

आमच्या जमातींनाही एक सांगणं आहे. मशिदीच्या फलकावर चंदा आणि जनाज्याच्या वेळा लिहितो, तिथे मे महिन्याच्या शेवटी दोन ओळी लिहायला काय हरकत आहे: बंदीआधी टाकी पूर्ण रिकामी करा, पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटरमधलं संपेपर्यंत मशीन चालवा, उरलेलं पेट्रोल मोटारसायकलला घाला. ऑगस्टला नवीन पेट्रोल आणि नवीन फिल्टर. याने आजार बरा होत नाही, पण पहिल्याच फेरीला बांधाच्या बाहेर मशीन गप्प होण्याची भीती कमी होते. आणि ज्याचं इंजिन या वर्षी गेलं त्याने दुरुस्तीचं बिल फेकू नये. तारीख, मशीनचं मॉडेल, मिस्त्रीने काय सांगितलं, हे सगळं त्यावर लिहून सोसायटीत जमा करावं. मत्स्य विभागाचा अधिकारी सर्वात आधी कागदच मागतो, आणि आज आपल्याकडे दाखवायला एकही कागद नाही.